वाटपाचा दावा : कागद जमवण्यापासून ताबा मिळेपर्यंत, आणि तो नेमका कुठे अडतो

कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही दिवाणी न्यायालयाचा दिवसाचा बोर्ड पाहिला, तर त्यात वाटपाचे दावे हटकून सापडतात. वरवर पाहता हा दावा फारसा अवघड नाही. एकत्र कुटुंबाची मिळकत कोणती, तिच्यात वाटेकरी किती आणि प्रत्येकाचा हिस्सा केवढा, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे न्यायालयाला द्यायची असतात. तरीही बापाने दाखल केलेल्या दाव्याचा निकाल मुलाने ऐकावा, हे आपल्याकडे कोणालाच नवे वाटत नाही. त्याचे खापर न्यायाधीशांवर, वकिलांवर किंवा समोरच्या पक्षकाराच्या खोडसाळपणावर फोडले जाते आणि त्यात तथ्य नाही असेही नाही. परंतु अशा दाव्यांचे रोजनामे (प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले याच्या नोंदी) ओळीने वाचत गेले, तर गुंत्याची सुरुवात बहुधा दावा दाखल होण्यापूर्वीच, पक्षकार अर्धवट कागद आणि अर्धवट माहिती घेऊन वकिलाकडे गेला त्याच दिवशी झालेली दिसते. म्हणून या लेखात सुरुवातीच्या तयारीला अधिक जागा दिली आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक कुटुंब समोर ठेवू. करवीर तालुक्यातील एका गावात आजोबांपासून चालत आलेली पाच एकर बागायत जमीन आहे, गावठाणात राहते घर आहे आणि कोल्हापूर शहरात ई वॉर्डात वडिलांच्या हयातीत थोरल्या मुलाच्या नावे घेतलेला एक प्लॉट आहे. वडील २०११ साली वारले. आई हयात आहे. तीन भाऊ आणि दोन बहिणी आहेत. थोरला भाऊ शेती पाहतो, ऊस त्याच्या नावावर कारखान्याला जातो आणि बिलही त्याच्याच खात्यावर जमा होते. मधला पुण्यात नोकरीला आहे, धाकटा गावातच असतो. थोरली बहीण निपाणीला दिलेली आहे, धाकटी कागलला. वाटप मागते ती धाकटी बहीण.

कागद कोणते आणि ते काय सांगतात

बहुतेक पक्षकार चालू सातबारा घेऊन येतात आणि तेवढ्यावर आपला हक्क सिद्ध झाला असे समजतात. प्रत्यक्षात सातबारा हा महसूल वसुलीसाठी ठेवलेला अभिलेख आहे. त्यावर नाव लागल्याने मालकी निर्माण होत नाही आणि नाव नसल्याने ती नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. तरीही सातबारा निरुपयोगी नाही, कारण त्यावर नोंदवलेल्या फेरफार (हक्कातील बदलाच्या नोंदी) क्रमांकांच्या मागे मागे गेले की मिळकतीचा इतिहास उलगडतो.

आपल्या उदाहरणातील वारसनोंदीचा फेरफार काढला, तर त्यात नेहमीचे चित्र दिसेल. खातेदार मयत, वर्दी (नोंद करण्यासाठीची खबर) थोरल्याने दिलेली, त्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शेरा आणि बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात. पुष्कळ बहिणी हा रकाना पाहून हबकतात आणि आपल्याला मालक म्हणून धरलेलेच नाही असे समजतात. तसे समजण्याचे कारण नाही. उलट ‘ए.कु.मॅ.’ हा शेरा वादीच्या बाजूने बोलतो, कारण थोरल्याचे नाव तो एकटा मालक म्हणून लागलेले नसून कुटुंबाच्या वतीने लागलेले आहे, हे सरकारी दप्तरच त्यातून सांगत असते. या फेरफाराची प्रमाणित नक्कल पहिल्याच दिवशी हाती असणे अगत्याचे आहे.

त्याशिवाय आठ-अ खाते उतारा, जुने हस्तलिखित सातबारे, सर्व्हे नंबरचा गट नंबर कसा झाला हे दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा, घराचा ग्रामपंचायतीकडील नमुना नंबर आठचा उतारा आणि शहरातील प्लॉटची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळवावी. शेतजमिनीचे दप्तर तलाठी आणि तहसील कार्यालयात असते, मोजणीचे भूमी अभिलेख कार्यालयात, शहरातील मिळकतीचे नगर भूमापन कार्यालयात आणि खरेदीखते दुय्यम निबंधकाकडे. एकाच कुटुंबाच्या मिळकतीचा इतिहास असा चार ठिकाणी विखुरलेला असतो आणि चारही ठिकाणच्या क्षेत्राचा मेळ बसेलच याची खात्री नसते. मेळ बसत नसेल तर ते दाव्यापूर्वी कळलेले बरे. सातबाऱ्यावर दोन एकर आणि मोजणीत एक एकर पस्तीस गुंठे, ही तफावत हुकूमनाम्यानंतर (निकालानुसार निघणाऱ्या न्यायालयाच्या आदेशानंतर) उघड झाली की सगळे पुन्हा ढवळून निघते.

कोल्हापूरच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. हे संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, त्यामुळे जुन्या जमिनींमागे संस्थानकालीन इनामे, वतने आणि देवस्थानांच्या नोंदी असतात आणि त्या काळचे पुष्कळसे कागद मोडी लिपीत आहेत. असा कागद निघाला तर जाणकाराकडून त्याचे लिप्यंतर करून घ्यावे. जमीन देवस्थान इनामाची असेल किंवा भोगवटादार वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी) असेल, तर तिची वाटणी साध्या खासगी जमिनीसारखी होईल असे गृहीत धरू नये. कुळाचा प्रश्न तर याहून अवघड आहे. जमिनीवर कोणी कूळ म्हणून हक्क सांगितला, तर १९४८ च्या कूळकायद्यातील कलम ८५ आणि ८५अ प्रमाणे तो मुद्दा दिवाणी न्यायालयाला स्वतः ठरवता येत नाही. तो महसूल अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो आणि तेथील उत्तर येईपर्यंत दावा थांबतो. तेथील निर्णयावर अपील व पुनरीक्षण होऊ शकते, हे लक्षात घेतले म्हणजे हा थांबा किती लांबू शकतो याची कल्पना येईल.

मुदत आणि हिस्सा

एकत्र मिळकतीतून आपल्याला वगळले आहे हे कळल्यापासून बारा वर्षांत हिस्सा मागावा लागतो, असे १९६३ च्या मुदत कायद्याचे म्हणणे आहे. नुसते भावाने जमीन कसणे म्हणजे वगळणे नव्हे, पण ‘तुझा यात काही संबंध नाही’ असे त्याने नोटिशीच्या उत्तरात लिहून दिले, तर त्या तारखेपासून काळ मोजला जाण्याची शक्यता असते. मिळकतीपैकी काही भाग विकला गेला असेल आणि ते खरेदीखत रद्द करून मागायचे असेल, तर मुदत तीनच वर्षांची असते, म्हणून विक्रीची कुणकुण लागताच हालचाल करावी.

मुलींच्या हिश्श्याबाबत महाराष्ट्राने १९९४ सालीच दुरुस्ती केली होती, परंतु तिचा लाभ तोवर लग्न झालेल्या मुलींना नव्हता. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने तो फरक पुसला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलगी जन्मानेच सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीतील वाटेकरी) आहे, वडील २००५ साली हयात होते की नव्हते याला महत्त्व नाही, असे स्पष्ट केले. अपवाद २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटपांचा आहे. ‘तोंडी वाटप फार पूर्वीच झाले’ हा बचाव न्यायालय सहजासहजी मानत नाही, त्याला त्या काळच्या सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो. आपल्या कुटुंबात आई आणि पाच मुले असे सहा वाटेकरी आहेत, म्हणून प्रत्येकाचा हिस्सा एक षष्ठांश येतो. हा अपूर्णांक पुढे बदलणार आहे.

दावापत्र

दावा मिळकत जेथे आहे तेथील न्यायालयात दाखल होतो आणि मिळकत एकाहून अधिक न्यायालयांच्या हद्दीत असेल, तर त्यांपैकी कोणत्याही एका न्यायालयात दाखल करता येतो. कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर हे मूल्यांकनावर ठरते. मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकाराला महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. ही गोष्ट कित्येक बहिणींना माहीतच नसते आणि खर्चाच्या धास्तीने त्या मागे राहतात. वकिलाच्या फीचा प्रश्न असेल तर स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे.

दावापत्रात दोन चुका अशा होतात की त्या पुढे पिच्छा सोडत नाहीत. पहिली चूक पक्षकारांची. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक वाटेकरी आवश्यक पक्षकार असतो. ‘निपाणीच्या ताईला यात कशाला ओढायचे, ती काही मागत नाही’ असे म्हणून तिला वगळले, तर दावा त्याच कारणाने फेटाळला जाऊ शकतो. तिची मागणी नसली तरी तिला प्रतिवादी करावे. मिळकतीचा तुकडा आधीच कोणी विकत घेतला असेल, तर त्या खरेदीदारालाही पक्षकार करावे.

दुसरी चूक मिळकतींच्या यादीची. वाटप मागायचे तर कुटुंबाच्या सगळ्या मिळकतींचे मागावे लागते, निवडक मिळकतीचे नाही. आपल्या भागात या यादीतून हमखास सुटतात त्या गोष्टी म्हणजे साखर कारखान्याचा शेअर, सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा शेअर आणि त्याबरोबर येणारा पाण्याचा हक्क, सामाईक विहीर, तिच्यावरील वीजजोड आणि वडिलांच्या नावच्या ठेवी. ज्या उसाला पाणीपुरवठा संस्थेचे पाणी आहे, त्या जमिनीचा हिस्सा पाण्याशिवाय मिळाला तर त्याची किंमत काय राहील, हे शेतकऱ्याला सांगायला नको. थोरला भाऊ इतकी वर्षे उसाचे बिल घेत असेल, तर त्याचा हिशेब आणि दाव्याच्या काळातील उत्पन्नातील हिस्साही त्याच दाव्यात मागून ठेवावा.

चतुःसीमा लिहिताना जुन्या खरेदीखतातील मजकूर जसाच्या तसा उतरवून घेण्याची सवय मोडली पाहिजे. ‘पूर्वेस अमुक यांची जमीन’ असे लिहिलेले असते आणि तो अमुक कधीच वारलेला असतो. शेजारच्या गटाचा क्रमांक लिहिणे अधिक भरवशाचे.

दावा चालू असताना मिळकत विकली जाण्याचा धोका असतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा खरेदीदारावर दाव्याचा निकाल बंधनकारक असतो, मात्र महाराष्ट्रात त्यासाठी दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. दावा दाखल झाल्याबरोबर हे काम उरकावे, कारण ते राहून गेले आणि मध्येच प्लॉट विकला गेला, तर एका दाव्याचे दोन व्हायला वेळ लागत नाही.

समन्स आणि कैफियत

दावा नोंदला की त्याला मुकदमा नंबर मिळतो आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक पडतो. हा क्रमांक पक्षकाराने स्वतःच्या मोबाईलमध्ये जपून ठेवावा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश घरबसल्या दिसतात.

यानंतर प्रतिवादींना समन्स जाते. पाच प्रतिवादींपैकी चौघांना ते लागले आणि पाचवीचा निपाणीचा पत्ता चुकीचा निघाला, तर दावा त्या पाचवीसाठी थांबतो. परराज्यातील समन्स तेथील न्यायालयामार्फत बजावले जात असल्याने तो वेळ आणखी वाढतो. म्हणून पूर्ण पत्ता, पिनकोड आणि मोबाईल क्रमांक आधीच मिळवावा.

समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) द्यावी आणि न्यायालयाने कारणे नोंदवून मुभा दिली तर नव्वद दिवसांपर्यंत, असा १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील ऑर्डर ८ चा नियम आहे. साध्या दिवाणी दाव्यात ही मर्यादा लोखंडी नाही, योग्य कारण असल्यास त्यानंतरही कैफियत घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले. त्याचा आधार घेऊन ‘विना कैफियत’ आदेश रद्द करण्याचे अर्ज, त्यावर म्हणणे, त्यावर खर्चाची रक्कम, असा एक वेगळाच उपक्रम सुरू होतो. प्रतिवादीसाठी सल्ला एवढाच की, समन्स नाकारून किंवा घर बंद करून काहीही साधत नाही. दावा एकतर्फा चालतो आणि नंतर तो आदेश उठवण्यासाठी दुप्पट धावपळ करावी लागते.

निशाणी ५

आपल्याकडे दाव्यासोबतच्या तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाला बहुधा ५ हा निशाणी क्रमांक (फाईलमधील कागदाचा अनुक्रमांक) पडतो, त्यामुळे ‘निशाणी पाच काय झालं?’ हा प्रश्न न्यायालयाच्या व्हरांड्यात सतत कानावर येतो. निकाल लागेपर्यंत मिळकत विकू नये, तिच्यावर बोजा चढवू नये किंवा तिचे स्वरूप बदलू नये, अशी मागणी त्यात असते. प्रथमदर्शनी हक्क, गैरसोयीचे पारडे कोणाकडे झुकते आणि भरून न येणारे नुकसान, या तीन कसोट्यांवर तो तपासला जातो.

विक्रीविरुद्ध मनाई मिळण्याची शक्यता चांगली असते. थोरल्याने शेतात पाऊलच टाकू नये अशी मागणी मात्र सहसा टिकत नाही, कारण तोही सहहिस्सेदार आहे. रागाच्या भरात अशी मागणी घातली जाते आणि मग पूर्ण अर्जच संशयास्पद वाटू लागतो.

एका दाव्याला फांद्या फुटतात त्या याच टप्प्यावर. निशाणी पाचच्या आदेशावर वरिष्ठ न्यायालयात किरकोळ अपील होते आणि त्यावरील निर्णयाविरुद्ध घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात याचिका होते. पूर्वी यासाठी वकिलाला फाईल घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने कोल्हापूरसह सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची ही खेप वाचली. त्यामागे चार दशकांहून अधिक काळ चाललेली वकिलांची आणि नागरिकांची मागणी होती. मात्र अंतर कमी झाले म्हणून प्रत्येक लहान आदेश वर नेण्याचा मोह वाढू नये. मूळ दाव्यातील कागदपत्रे वर मागवली गेली किंवा वरून स्थगिती आली की खालचा दावा जागच्या जागी थांबतो, आणि ते नुकसान बहुतेक वेळा वादीचेच असते.

याच सुमारास कोणीतरी पोलीस ठाण्यात बांध फोडल्याची तक्रार देतो, कोणी तहसीलदाराकडे फेरफाराला हरकत घेतो, कोणी रस्ता अडवल्याचा अर्ज मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली करतो. यांपैकी काही पावले खरोखरच आवश्यक असतात. पण प्रत्येक ठिकाणी दिलेला जबाब हा पुढे पुरावा ठरतो. पोलिसांपुढे ‘हा तुकडा माझ्या वाट्याला आलेला आहे’ असे लिहून देणाऱ्या बहिणीला दिवाणी न्यायालयात ‘वाटप झालेलेच नाही’ असे सांगणे फार जड जाते.

मुद्दे, आणि तडजोडीची योग्य वेळ

दावापत्र आणि कैफियत समोर ठेवून न्यायालय वादाचे मुद्दे काढते. येथे प्रत्येक मुद्द्यासमोर तो कोणी सिद्ध करायचा हे लिहिलेले असते, आणि पक्षकाराने तो कागद वकिलाकडून समजावून घेतलाच पाहिजे. तोंडी वाटप झाल्याचे थोरला म्हणत असेल, तर ते त्याने सिद्ध करायचे. ई वॉर्डातील प्लॉट मात्र निराळा आहे. कुटुंब एकत्र आहे एवढ्यावरून एका सदस्याच्या नावची मिळकत एकत्र ठरत नाही. प्लॉट घेण्याएवढे उत्पन्न एकत्र शेतीतून त्या काळी होत होते, हे आधी वादीने दाखवायचे, आणि ते दाखवले की स्वतःच्या कमाईतून घेतल्याचे सिद्ध करण्याचा भार थोरल्यावर जातो. त्यासाठी त्या वर्षांची कारखान्याची ऊसबिले मिळाली तर दहा साक्षीदारांचे काम होते.

माझ्या मते तडजोडीची खरी वेळ हीच. दावा दाखल करतानाच्या दिवसांत राग ताजा असतो आणि निकालानंतर जिंकलेला ऐकत नाही. मुद्दे निघाले की दोन्ही बाजूंना आपले कच्चे दुवे दिसलेले असतात. लोक न्यायालयातील निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील होत नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोडीच्या पुरशीसवर (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर) सर्व वाटेकऱ्यांच्या सह्या हव्यात, कोणी अज्ञान (वयाने सज्ञान नसलेला) असेल तर न्यायालयाची स्वतंत्र परवानगी हवी, आणि दाव्यात नसलेली मिळकत तडजोडीत घातली तर तिच्यापुरता दस्त नोंदवावा लागतो, ही तीन पथ्ये पाळावीत.

पुरावा

सरतपासणी (साक्षीदाराची स्वतःच्या बाजूने होणारी पहिली जबानी) आता प्रतिज्ञापत्रावर होते, म्हणून ते वकिलाने लिहिले आणि आपण सही केली असे होऊ देऊ नये, वाक्यन्‌वाक्य वाचून घ्यावे. उलटतपासणीत साक्षीदाराला सूचना केल्या जातात आणि त्याचे उत्तर ठरावीक घाटात लिहिले जाते : ‘हे म्हणणे खरे नाही की, सन १९८५ साली आमच्यात तोंडी वाटप झाले. हे म्हणणे खरे आहे की, विहिरीजवळचा तुकडा धाकटा भाऊ कसतो.’ दुसरे वाक्य निरुपद्रवी वाटते, पण युक्तिवादात तेच वेगळ्या वहिवाटीची कबुली म्हणून पुढे येऊ शकते. सोयीसाठी कसतो की वाटणीने कसतो, हा फरक साक्षीदाराला त्याच वेळी सांगता आला पाहिजे. त्यासाठी खोटे पढवण्याची गरज नसते, आपलाच दावा आपल्याला माहीत असावा लागतो.

तहकुबीबाबत संहितेत प्रत्येक पक्षकाराला तीनहून अधिक वेळा ती देऊ नये असे म्हटले आहे. व्यवहारात तो आकडा मागे पडतो. साक्षीदार आजारी असतो, वकील दुसऱ्या न्यायालयात असतात, उन्हाळ्याच्या सुटीच्या सुमारास न्यायाधीशांची बदली होते आणि अर्धवट ऐकलेला युक्तिवाद नव्या न्यायाधीशांपुढे पहिल्यापासून करावा लागतो. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल कलम ३५अ खाली द्यायच्या भरपाईची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे. एवढ्या रकमेने कोणाला वचक बसत असेल असे वाटत नाही.

दावा चालू असता मृत्यू

आपल्या उदाहरणात आई दावा चालू असताना वारली असे समजू. पक्षकार मयत झाल्यापासून नव्वद दिवसांत त्याचे वारस दाव्यात लावावे लागतात. ते न लावल्यास त्याच्यापुरता दावा रद्दबातल होतो, पुढील साठ दिवसांत तो रद्द आदेश उठवण्याचा अर्ज करता येतो आणि त्याहून उशीर झाला तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. सगळी मुले आधीच पक्षकार असल्याने येथे एक पुरशीस पुरली असती आणि हिस्सा एक षष्ठांशावरून एक पंचमांश झाला असता. पण थोरल्याने आईचे मृत्युपत्र हजर केले आणि तिचा हिस्सा आपल्या मुलाला दिल्याचे सांगितले, तर नवा पक्षकार येतो, नवा मुद्दा निघतो, मृत्युपत्रावरील साक्षीदार तपासावे लागतात आणि जवळजवळ संपलेला पुरावा पुन्हा उघडतो. गावात कोण वारले हे पक्षकाराला त्याच दिवशी कळते, वकिलाला ते पुढच्या तारखेलाही कळत नाही. ही बातमी मृत्यूच्या दाखल्यासह ताबडतोब पोहोचवणे हे पक्षकाराचेच काम आहे.

प्राथमिक हुकूमनामा

निकालात हिस्से जाहीर होतात, आणि पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात हातात आलेला असतो तो प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कागदावरचा अपूर्णांक. कोणता तुकडा कोणाचा हे अजून ठरलेले नसते. या हुकूमनाम्यावर अपील करायचे असेल तर ते तेव्हाच करावे लागते, अंतिम हुकूमनाम्याच्या वेळी तो विषय उकरता येत नाही. जिल्हा न्यायालयातील अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे, नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो. त्यापुढील दुसरे अपील नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. नुसते अपील दाखल झाले म्हणून हुकूमनामा थांबत नाही, वेगळी स्थगिती मिळवावी लागते.

घर आणि प्लॉट यांच्या वाटपासाठी न्यायालय कोर्ट कमिशनर नेमते आणि त्याच्या अहवालावर अंतिम हुकूमनामा होतो. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकाराच्या अर्जाची वाट न पाहता न्यायालयांनी पुढील कार्यवाही स्वतःहून सुरू करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले आहे. तरीही फाईल हलते आहे की नाही याकडे लक्ष ठेवावे.

शेतजमिनीचा मार्ग वेगळा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तेथून तहसीलदारांकडे आणि मोजणीसाठी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे. मोजणी फी भरणे, मोजणीच्या दिवशी सर्वांना नोटीस असणे, शेतात उभा ऊस असल्यास तारीख पुढे जाणे, या गोष्टींत महिने जातात. मोजणीनंतर वाटप तक्ता तयार होतो. वाटप ‘सरसनिरस मानाने’ व्हायचे असते, म्हणजे काळी कसदार आणि खडकाळ, रस्त्याकडची आणि आतली, पाणी चढणारी आणि न चढणारी जमीन लक्षात घेऊन. खरी भांडणे येथेच होतात, कारण विहीर एका तुकड्यात जाते, रस्ता दुसऱ्यात आणि नदीकाठचा पुरात बुडणारा पट्टा कोणालाच नको असतो. हरकत घ्यायची तर ती तक्ता कायम होण्यापूर्वी, लेखी आणि नेमकी घ्यावी. विहिरीवर जाण्याची वाट, पाणी नेण्याची पाईपलाईन आणि विजेचा जोड सामाईक राहील हे तक्त्यातच लिहून घ्यावे. तुकडा ठरावीक क्षेत्राहून लहान होत असेल, तर तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळे एखाद्याला जमिनीऐवजी रक्कम घेण्याची वेळ येऊ शकते, म्हणून आपापसात अदलाबदल करून सलग क्षेत्र घेण्याचा विचार याच टप्प्यावर करावा.

ताबा आणि नवीन उतारा

ताबा पंचनाम्याने दिला जातो, विरोध होण्याचा संभव असल्यास पोलीस बंदोबस्त मागता येतो. घराचा ताबा स्वेच्छेने मिळत नसेल तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते. तिची मुदत हुकूमनामा अंमलात आणण्याजोगा झाल्यापासून बारा वर्षे आहे आणि दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे. शेतात उभे पीक असेल तर त्याचे काय, हे ताबापावतीत स्पष्ट नमूद करावे.

ताबा मिळाला म्हणजे सातबारा आपोआप बदलत नाही. वाटप तक्ता आणि ताबापावती जोडून तलाठ्याकडे वर्दी द्यावी, फेरफार धरला गेला की इतर हिस्सेदारांना हरकतीसाठी नोटिसा निघतात आणि मुदतीनंतर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नवीन उतारा हाती आल्यावर क्षेत्र, आकार (शेतसारा) आणि पोटहिस्सा क्रमांक तक्त्याशी ताडून पाहावेत. इतर हक्काच्या रकान्यात विकास सेवा संस्थेचा जुना बोजा सगळ्यांच्या उताऱ्यांवर तसाच उतरलेला असतो. कर्ज थोरल्याने एकट्याने काढलेले असेल, तर ते फेडल्याचा संस्थेचा दाखला घेऊन तो कमी करून घ्यावा, आणि कर्ज फिटलेले नसेल तर ते कोणाच्या हिश्श्यावर राहील हे संस्थेकडून लेखी घेतल्याशिवाय त्या उताऱ्यावर नवीन पीककर्ज मागू नये.